विश्लेषण : चाळिशीत बासरी शिकता येते का? दोन दिवसांच्या निवासी शिबिरात नेमके काय मिळते?

नारायण पेठेतील एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. गेल्या पावसाळ्यात तिथे पहिल्यांदा बासरी तोंडाला लावली. पहिले दहा-बारा दिवस फक्त फुसफुस ऐकू आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर वर येऊन, गॅस गळतोय का, असे विचारले. पुढे एका शनिवार-रविवारी शहराबाहेरच्या निवासी बासरी शिबिरात गेलो, तेव्हा कळले की ही फुसफुस माझ्या एकट्याची नाही. मी तिशीच्या आतला. बाकी बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले. बँकेतले, दवाखान्यातले, नुकतेच निवृत्त झालेले. प्रत्येकाच्या घरी एक बासरी होती आणि ती बहुतेक काळ कपाटात होती.

प्रौढांसाठीच्या अशा शिबिरांतून खरोखर काही हाती लागते का? की ती फक्त चांगल्या हवेतली सहल असते? या प्रश्नांचा हा आढावा.

बासरीतून सूर निघायला इतका वेळ का लागतो?

हार्मोनियममध्ये सूर देणारी पट्टी कारखान्यात बसवलेली असते. पहिल्याच दिवशी कळ दाबली की नेमका स्वर मिळतो. बासरीत अशी पट्टी नसते. तिथे सूर निर्माण करणारा भाग म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ.

ओठांतून निघालेला हवेचा बारीक झोत फुंकीच्या छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आदळतो. तिथे तो कधी नळीच्या आत, कधी बाहेर असा झुलू लागतो. हे झुलणे नळीतल्या हवेच्या कंपनाशी जुळले की सूर धरतो. जुळले नाही, तर हवा नुसतीच निसटते. ओठांमधली फट थोडी मोठी झाली किंवा बासरी किंचित जास्त फिरली, तरी सूर हरवतो. आरशात पाहून हे अर्धेच कळते. समोर बसलेल्या माणसाने बासरीचा कोन बोटाने हलवून दिला, तर मात्र क्षणात फरक पडतो.

दुसरा चोर म्हणजे बोटे. एका छिद्रावरचे बोट जरासे सुटले, तरी त्याखालचे सगळे स्वर बिघडतात. शिकणाऱ्याला वाटते आपली फुंकर कमी पडतेय. मग तो जोरात फुंकतो, आणि सूर थेट वरच्या सप्तकात उडतो. त्यातून श्वास वेगाने बाहेर जाऊन डोके हलके होते, गरगरते. अशा वेळी बासरी खाली ठेवून शांत बसणे, हाच उपाय.

पहिली बासरी कोणती घ्यावी?

येथे थोडे गणित उपयोगी पडते. हिंदुस्थानी बासरीत वरची तीन छिद्रे बंद केली की षड्ज आणि सहाही बंद केली की मंद्र पंचम मिळतो. पांढरी तीनच्या बासरीचा षड्ज सुमारे ३३० हर्ट्झ, म्हणून मंद्र पंचम सुमारे २४७ हर्ट्झ. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर इतक्या खालच्या स्वरासाठी दोन्हीकडे उघडी असलेली नळी साधारण ७० सेंटीमीटर लांब हवी. प्रत्यक्षात ती थोडी कमी लागते, पण फुंकीच्या छिद्रामागचा बंद भाग धरून ही बासरी अडीच फुटांच्या आसपास जाते. पांढरी पाचसाठी हेच गणित ५९ सेंटीमीटरच्या जवळ येते.

याचा अर्थ सरळ आहे. मैफलीत ऐकलेल्या खर्जाच्या मोहात पडून मोठी बासरी घेतली, तर छिद्रांमधले अंतर बोटांना पेलत नाही. पांढरी पाच किंवा त्याहून थोड्या वरच्या पट्टीची मध्यम बासरी नवख्यासाठी बरी. जत्रेत मिळणारी रंगीत बासरी दिसायला छान असते, पण ती सुरात असेलच असे नाही. त्यामुळे चूक आपली की बासरीची, हे कळत नाही. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे बासरी बनवण्याचे जुने केंद्र आहे. तिथले कारागीर आसामातून येणारा, लांब पेराचा बांबू वापरत आले आहेत. बासरीला एकच सलग पेर लागते, म्हणून कोणताही बांबू चालत नाही.

पुण्याच्या हवेचाही यात वाटा आहे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३९ मीटर, तर एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना सुमारे ३५४ मीटर. फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास. एका पट्टीपासून पुढच्या पट्टीचे अंतर सहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे कागदावर बासरी जवळपास पाऊण पट्टी सरकते. प्रत्यक्षात श्वासाने नळी उबदार होते आणि फरक कमी होतो. पण मोबाइलमधला तानपुरा मात्र कुठेच सरकत नाही. म्हणून थंडीत आधी दोन-चार मिनिटे हलकी फुंकर मारून बासरी उबदार करून घ्यावी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत बांबूला चीर जाऊ नये म्हणून आतून तेलाचा हलका हात फिरवून ती कापडात गुंडाळून ठेवावी.

वय वाढल्यावर शिकणे खरेच अवघड होते का?

काही बाबतीत हो. बोटे लहान मुलांइतकी चटकन वळत नाहीत. मान आणि खांदे संगणकापुढे बसून आधीच आखडलेले असतात. दातांवर उपचार झाले असतील, तर ओठांची ठेवण बदललेली असते. दम्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

पण शिबिरात जाणवलेला सर्वांत मोठा अडथळा यांपैकी एकही नव्हता. तो होता कान. प्रौढ माणसाने वीस-तीस वर्षे उत्तम संगीत ऐकलेले असते. कान पुढे गेलेला आणि हात मागे राहिलेला. आठ वर्षांच्या मुलाला आपला बेसूर फारसा बोचत नाही; पंचेचाळिशीच्या माणसाला तो लगेच बोचतो. आपल्या कामात तो तरबेज असतो, आणि इथे त्याला एक सूर धरता येत नाही. त्यात पलीकडच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल ही धास्ती. बासरी कपाटात जाते ती बहुधा या संकोचापायी.

नामवंतांनीही मोठेपणी पुन्हा सुरुवात केली होती?

होय, आणि बासरीच्या इतिहासातली दोन मोठी नावे याच यादीत आहेत.

मैफलीचे वाद्य म्हणून बासरीला उभे करण्याचे श्रेय पन्नालाल घोष यांना दिले जाते. त्यांचा जन्म १९११ मध्ये आताच्या बांगलादेशातील बारिसालचा. खयाल गायकीचा विस्तार पेलेल अशी, सुमारे ३२ इंचांची लांब बासरी त्यांनी रूढ केली आणि तिला सातवे छिद्र दिले. १९४० मध्ये ते मुंबईत आले, चित्रपटांना संगीत दिले, नाव झाले. त्यानंतर १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिशीनंतर, ते मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे रीतसर शिकू लागले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे नाव पंडित हरिप्रसाद चौरसिया. १९३८ चा जन्म, वडील पहिलवान. चौरसिया १९५७ मध्ये आकाशवाणीच्या कटक केंद्रावर रुजू झाले. पुढे मुंबईत चित्रपटसंगीतात जम बसला. तेव्हा ते अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णा देवी यांच्याकडे शिकायला गेले. आधीचे सगळे विसरून नव्याने सुरुवात करायची, ही अट होती. ती मनापासून मान्य असल्याचे दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली; उजवीकडची बासरी डावीकडे घेतली. हात बदलला की बोटांची सगळी सवय शून्यावर येते. चरितार्थ ज्या वाद्यावर चालला होता, त्याच वाद्यात ते नवशिके झाले.

अर्थात हे दोघेही तेव्हा नवखे नव्हते. त्यांची उदाहरणे देऊन कुणालाही पन्नाशीत मैफलीचे स्वप्न दाखवणे खोटे ठरेल. पण मोठ्या वयात पुन्हा पहिल्या सुरावर बसणे कमीपणाचे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

शिबिरात नेमके काय करतात?

माझ्या अनुभवात पहिला अर्धा दिवस एकाच सुरात गेला. तानपुरा सुरू, सगळ्यांच्या हाती एकाच पट्टीच्या बासऱ्या, आणि फक्त षड्ज. पंधरा-वीस जण एकत्र वाजवू लागले की कानाला हेलकावे जाणवतात. एकाचा षड्ज ३३० आणि शेजाऱ्याचा ३३३ हर्ट्झ असेल, तर आवाज सेकंदाला तीनदा वर-खाली होतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी हे समीकरण मी पाठ केले होते. कानाने ते पहिल्यांदा तिथे ऐकले. बासरी किंचित आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो. हेलकावे मंदावत मंदावत थांबले की दोघे एका सुरात आले. एकट्याने घरी बसून ही तपासणी करता येत नाही.

दुपारी अलंकार आणि मग भूप. भूपात पाचच स्वर, मध्यम नाही. त्यामुळे पहिले छिद्र अर्धे उघडून शुद्ध मध्यम काढण्याची कसरत वाचते. पण तो दिसतो तितका सोपा नाही. गंधाराला एकच छिद्र बंद असते आणि पुढच्या पंचमाला सहाही. म्हणजे पाच बोटे एकाच क्षणी नेमकी पडायला हवीत आणि फुंकरही त्याच वेळी बदलायला हवी. या एका उडीवर आमचा जवळपास तासभर गेला.

संध्याकाळी तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरणे आणि ध्वनिमुद्रणे ऐकणे. दिवसभर स्वतः फुंकून झाल्यावर ऐकणे बदलते. मोठा वादक श्वास कुठे घेतो, हे आधी कधी लक्षातच आलेले नसते.

दोन दिवसांत काय होत नाही?

मींड येत नाही, राग मांडता येत नाही, आवडते गाणेही धड बसत नाही. हाताची कौशल्ये एकदम आठ तास घोटून पक्की होत नाहीत. रोज थोडा सराव आणि मध्ये झोप, असे झाले तर ती अंगात मुरतात. या हिशेबाने रोजची वीस मिनिटे दोन दिवसांच्या शिबिरापेक्षा कधीही भारी.

मग शिबिराचा उपयोग काय? चुकीची सवय रुजण्याआधी ती पकडली जाते. आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या वर्गात गुरूला प्रत्येकाचे ओठ पाहायला वेळ नसतो, इथे असतो. आणि सगळ्यांचाच सूर फाटत असतो, त्यामुळे संकोच उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त गृहस्थ सगळ्यांसमोर एकटे वाजवायला उठले. सूर दोनदा तुटला. ते थांबले नाहीत, आणि कुणी हसलेही नाही.

नंतर पुण्यात पुढे काय?

पेठांमध्ये संगीतशिक्षणाची परंपरा मोठी आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाजाची स्थापना केली. नारायण पेठेला लागून असलेल्या शनिवार पेठेत विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय आहे. बासरीपुरते बोलायचे, तर पन्नालाल घोष यांची परंपरा देवेंद्र मुर्डेश्वर यांच्यामार्फत पुण्यात पंडित केशव गिंडे यांच्यापर्यंत पोहोचली. ‘केशव वेणू’ ही स्वतंत्र घडणीची बासरी त्यांचीच. निवासी शिक्षणाची उदाहरणेही जवळ आहेत : मुळशी तालुक्यातील कोळवणचे चिन्मय नादबिंदू आणि चौरसिया यांचे मुंबईतील वृंदावन गुरुकुल.

शिस्त हवी असणाऱ्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा मार्ग आहे. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात टप्पे, त्यापुढे अलंकार.

शिबिर निवडताना काय विचारावे?

चार प्रश्न पुरेत. एका गटात किती जण? प्रत्येकाला गुरूंसोबत स्वतंत्र वेळ मिळणार का? सगळ्यांना कोणत्या पट्टीची बासरी लागेल? शिबिर संपल्यावर पुढच्या महिन्यात कुणी सराव ऐकणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी जवळचा नियमित वर्ग शोधावा आणि मग शिबिराचा विचार करावा.

माझ्यापुरते सांगायचे, तर काकूंशी वेळ ठरली आहे : संध्याकाळी सात ते सात वीस. गंधारावरून पंचमावर जाताना अजून दहातल्या चार वेळा बोट सुटते. शिबिराहून आलो तेव्हा सहा वेळा सुटत होते.