पर्स कोणी धरायची?

आमच्या घरातल्या कुठल्याही सहलीचा अल्बम उघडून बघा. चिखलदऱ्याला घोड्यावर बसलेली लेक दिसेल, कोकणात समुद्रावर पॅराशूटला लटकलेले 'हे' दिसतील, धबधब्याखाली ओरडणारी भाचरंडं दिसतील. मी मात्र फारशी कुठे नाही. कारण फोटो मी काढलेला असतो, नाहीतर सगळ्यांच्या चपला, चष्मे, मोबाईल आणि पर्सा सांभाळत मी काठावर उभी असते. 'तुम्ही जा, मी थांबते सामानाजवळ!' लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. तुमचंही असंच असेल ना मैत्रिणींनो?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही न्यूझीलंडला गेलो. धाकटे दीर आणि जाऊबाई ऑकलंडला असतात. किती वर्षांपासून 'वहिनी, या एकदा' म्हणून मागे लागले होते. वाशीमच्या घरी सासूबाईंजवळ नणंदबाई येऊन राहिल्या आणि आमचं जायचं पक्कं झालं. अर्धी बॅग फराळानेच भरली. त्या देशात खाण्याचे पदार्थ नेताना विमानतळावर सगळं कागदावर लिहून द्यावं लागतं. लपवलं तर जागेवरच 400 डॉलर दंड! मी चकलीपासून मेतकुटापर्यंत सगळं लिहून दिलं. मध आणि बिया तर घरूनच घेतल्या नव्हत्या. बाकी फराळ सुखरूप पोहोचला आणि चिवड्याचा डबा उघडताच जाऊबाईंचे डोळे भरून आले.

चार दिवस गप्पा झाल्यावर भाऊजी आम्हाला क्वीन्सटाऊनला घेऊन गेले. डोंगर, तळं आणि जिकडेतिकडे उड्या मारायच्या जाहिराती! तिथून वीसेक किलोमीटरवर कावाराऊ नदीवर 1880 सालचा जुना झुलता पूल आहे. 1988 साली ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश या दोघांनी याच पुलावरून बंजी जंपिंगचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी हॅकेटने पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी मारली होती आणि पोलिसांनी त्याला पकडलं होतं. पूल पाण्यापासून 43 मीटर उंच. पायाला रबरी दोर बांधायचा आणि खाली झेप घ्यायची.

या खेळाचं मूळ पॅसिफिक महासागरातल्या वानुआतु देशात आहे. तिथल्या पेंटेकॉस्ट बेटावर लाकडी मनोऱ्यावरून पायाला वेली बांधून उड्या मारतात. त्याची लोककथा भाऊजींनी सांगितली. एक बाई नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून पळाली आणि उंच झाडावर चढली. नवरा मागोमाग आला. तिने गुपचूप पायाला वेली बांधल्या आणि उडी मारली. तिच्यामागे त्यानेही मारली. ती वाचली, तो मेला. पुढे पुरुषांनीच ही विद्या शिकून घेतली. आता तिथे उड्या पुरुष मारतात आणि बायका खाली उभ्या राहून नाचतात. म्हणजे शोध बाईचा आणि काठावर उभीही बाईच!

ते ऐकलं आणि मला माहेरची विहीर आठवली. माझं माहेर रिसोड तालुक्यातलं. पाठीला डबा बांधून भावांसोबत मी पोहायला शिकले. काठावरून धाडकन उडी मारायला मी त्यांच्या पुढे असायची. सातवीत गेले आणि आजी म्हणाली, 'आता पुरे.' त्यानंतर भाऊ पोहत राहिले आणि मी त्यांचे कपडे सांभाळत काठावर बसू लागले. ती बसले ती आजपर्यंत!

पुलावर आधी लेकीने उडी मारली. पुतण्या टोकापर्यंत जाऊन रडवेला होऊन परत आला. कोणी हसलं नाही, कोणी ढकललं नाही. 'नाही' म्हणणाऱ्याचाही तिथे मान राखतात, हे मला फार आवडलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही मारायची आहे." हे म्हणाले, "अगं, या वयात? काही झालं तर?" तिकिटाचा भाव ऐकून मीही मनात हिशेब केला, तीनेक क्विंटल सोयाबीन! पण फराळाच्या ऑर्डरचे माझे पैसे होते. मी पर्समधून पैसे काढले आणि पर्स यांच्या हातात दिली.

मग एक फॉर्म आला. बीपी आहे का, पाठीचं दुखणं आहे का, डोळ्यांचा आजार आहे का, सगळं विचारलेलं. खाली सही फक्त माझी. पेन हातात घेतलं आणि आमच्या बचत गटातली एक मैत्रीण आठवली. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी ती एका दवाखान्यात गेली, तर 'मालकाची सही आणा' म्हणून परत पाठवलं. खरं तर सरकारी नियमाप्रमाणे या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, बाईची स्वतःची संमती पुरते. मी सोबत जाऊन हे सांगितलं तेव्हा कुठे काम झालं. दुसऱ्यांसाठी भांडणारी मी, स्वतःच्या शरीराच्या जबाबदारीवर एकटीने सही करताना माझाच हात थरथरत होता.

वजन करून आकडा हातावर लिहिला, कारण वजनाप्रमाणे दोर बदलतो. घोट्याला टॉवेल गुंडाळून पट्टे आवळले, कमरेलाही वेगळा पट्टा लावला. एकाने बांधलं, दुसऱ्याने तपासलं. टोकावर उभी राहिले तेव्हा पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू! खाली निळंहिरवं पाणी दिसलं. डोळे मिटले, विहीर समोर आणली आणि... पुढचं काही आठवत नाही. आठवतो तो फक्त माझाच ओरडण्याचा आवाज. पाण्याला हात लागले, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग खालच्या होडीतल्या मुलांनी बांबूसारखी काठी पुढे केली, ती धरली आणि होडीत उतरले. हसत होते की रडत होते, कळलं नाही.

मैत्रिणींनो, उठा आणि उड्या मारा असं मी म्हणत नाही. धाडस म्हणजे आंधळेपणा नव्हे. न्यूझीलंडमध्ये 2011 च्या नियमांनी अशा खेळांच्या चालकांना सुरक्षेची तपासणी आणि नोंदणी सक्तीची केली. अपघात झाल्यास उपचाराच्या खर्चाला तिथली सरकारी योजना पर्यटकालाही मदत करते. पण आजारपणाचा खर्च त्यात येत नाही, म्हणून प्रवास विमा हवाच. त्यात साहसी खेळ धरले आहेत का, तेही वाचून घ्या. आपल्या महाराष्ट्रातही 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी करायला सांगितलं आहे. मुलांना शिबिराला पाठवताना नोंदणीचा कागद मागा, दोर कोण तपासतो ते विचारा. विचारायला लाजायचं नाही.

रात्री सासूबाईंना फोन लावला. भीतभीतच सांगितलं. क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "आधी विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. बरं केलं, नाही विचारलं." आणि हळूच, "पाणी थंड होतं का गं?"

परत आल्यावर बचत गटात हे सांगितलं, तर चार जणी म्हणाल्या, "ताई, आम्हीही लहानपणी विहिरीत उड्या मारायचो की!" मग थांबलात कधी? उत्तर सगळ्यांचं सारखंच होतं, कोणीतरी 'आता पुरे' म्हटलं तेव्हा.

आता आमच्या घरात नियम झाला आहे. सहलीला पर्स धरायची पाळी लागते. पुढची पाळी यांची आहे. तुमच्याकडे कोणाची?