ग्रेस्टिनच्या नाक्यावर

23 नोव्हेंबर 1982. आर्स्टोट्स्का आणि कोलेशिया या शेजारी देशांमधली सहा वर्षांची लढाई संपली आहे. ग्रेस्टिन शहराचा आपला अर्धा भाग आर्स्टोट्स्काने परत मिळवला आहे आणि तिथल्या सरहद्दीवर नाका उघडला आहे. सरकारी नोकरीच्या सोडतीत आपला नंबर लागला आहे. नाक्याच्या खिडकीत बसायचं आणि येणाऱ्याचे कागद तपासून हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा, एवढंच काम. राहायला आठव्या दर्जाचं घर मिळालं आहे. घरात बायको, मुलगा, सासू आणि एक वयस्कर काका.

हे दोन्ही देश नकाशावर सापडायचे नाहीत. ल्युकस पोप या अमेरिकन माणसाने ते जपानमध्ये राहून रचले आणि ऑगस्ट 2013मध्ये ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम प्रसिद्ध केला. लिखाण, चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं त्याच्या एकट्याच्या हातचं. हा गेम मी पुष्कळ खेळलो आहे आणि इतरांना खेळताना शेजारी बसून पाहिलंही आहे. गेममधून माणसाला काही कळावं अशी ज्यांची इच्छा असते त्यांनी या गेममधलं कागद तपासायचं टेबल एकदा नीट न्याहाळावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण सगळी करामत त्या टेबलात आहे. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत नाक्याचं आवार दिसतं आणि त्यात वळणं घेत गेलेली, न संपणारी रांग. खाली डावीकडे खिडकी आणि खिडकीतला चेहरा. उजवीकडे आपलं टेबल. भोंग्यावर क्लिक केलं की तो काहीतरी खरखरतो आणि पुढचा माणूस आत येतो. त्याने सरकवलेला पासपोर्ट ओढून टेबलावर आणायचा. फोटो चेहऱ्याशी जुळतो का, मुदत संपली आहे का, नमूद केलेलं लिंग बरोबर आहे का, कुठल्या शहरात दिला आहे, हे पाहायचं. पहिल्या दिवशी काम सोपं असतं. फक्त आर्स्टोट्स्काच्या नागरिकांना आत सोडायचं, बाकीच्यांना परत पाठवायचं. मग बाहेरच्यांनाही प्रवेश खुला होतो, नाक्यावर हल्ला होतो, आणि रोज सकाळच्या पत्रकात नवा नियम येतो. परदेशी माणसाला आधी प्रवेश तिकीट लागतं, लगेच त्याच्या जागी प्रवेश परवाना येतो. कामगारांना कामाचा पास, नागरिकांना ओळखपत्र. त्यावरची उंची आणि वजनही पडताळायचं असतं.

टेबल मात्र तेवढंच राहतं. नियमांचं पुस्तक उघडलं की अर्धी जागा त्यातच जाते. परवान्याखाली पासपोर्ट दडतो, पासपोर्टखाली पास. एक कागद बघायचा तर दुसरा बाजूला सारावा लागतो. सराईत खेळाडूची बोटं इथे ओळखू येतात. त्याने प्रत्येक कागदाची जागा ठरवलेली असते. पत्रक काउंटरवरच पडू द्यायचं, पुस्तक वर डाव्या कोपऱ्यात, शिक्क्यांची दांडी आधीच बाहेर ओढून ठेवलेली. हे कोणी शिकवत नाही, टेबलच शिकवतं.

शहरांच्या नावांत एक बारीक खोच आहे. अँटेग्रियात ग्लोरियन नावाचं शहर आहे आणि रिपब्लियात ट्रू ग्लोरियन. म्हणजे खरं ग्लोरियन आमचंच, असा रिपब्लियाचा दावा. या दोन देशांत काय घडलं असेल ते गेम कुठेही सांगत नाही. पण रिपब्लियाच्या पासपोर्टवर नुसतं ‘ग्लोरियन’ दिसलं की तो खोटा, हे आपण शिकतो, आणि थोड्या वेळाने त्या दोन गावांचा इतिहास आपल्या लेखी तेवढाच उरतो. पुढ्यात उभी असलेली बाई काय सांगते आहे तिकडे लक्ष जात नाही, नजर थेट गावाच्या नावावर जाते. विसंगती सापडली की लाल बटण दाबून दोन जागांवर बोट ठेवायचं, दोन्ही जोडणारी रेघ उमटते आणि जाब विचारता येतो. ती रेघ उमटते तेव्हा बरं वाटतं, मला प्रत्येक वेळी वाटलं आहे. पोपने हे बरं वाटणं फार विचारपूर्वक बांधलं आहे.

नीट तपासलेल्या प्रत्येक माणसामागे 5 क्रेडिट मिळतात. दिवस संध्याकाळी सहाला संपतो आणि घड्याळ कोपऱ्यात सतत फिरत असतं. चूक झाली की खिडकीतल्या यंत्रातून कुरकुरत पावती निघते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून पैसे कापले जातात. रात्री काळ्या पडद्यावर हिशेब येतो: भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च. पैसे पुरले नाहीत तर कशावर तरी काट मारावी लागते, आणि मग घरच्यांच्या नावांपुढे शब्द बदलत जातात. भुकेला. गारठलेला. आजारी.

आता पाचवा दिवस. अँटेग्रियाहून एक माणूस येतो, त्याचे कागद चोख असतात. जाता जाता तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा सांभाळून घ्या. ती येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नसतो. परत गेले तर मला मारून टाकतील, असं ती सांगते.

माझी पुतणी हा प्रसंग खेळत होती तेव्हा मी शेजारी होतो.

“काका, हिच्याकडे परवाना नाहीये.”

“अगं, नवरा आत्ताच गेला ना पुढे.”

“माहितीये. पण आज आपल्या दोन चुका झाल्यात. आणि काल रात्री घरात हीटिंग नव्हतं.”

तिने बराच वेळ शिक्का मारलाच नाही. वरच्या पट्टीत रांग तशीच उभी होती, घड्याळ चाललं होतं. शेवटी तिने हिरवा शिक्का मारला. पावती आलीच, 5 क्रेडिट गेले. त्यानंतरच्या माणसाचे कागद तिने इतक्या कडकपणे तपासले की पाहताना मला कसंसंच झालं. दया दाखवली त्याची भरपाई ती पुढच्याकडून करून घेत होती, आणि आपण तसं करतोय हे तिच्या लक्षातही नव्हतं. एवढी खोलवरची गोष्ट एखाद्या पात्राच्या तोंडी घातली असती तर ती उपदेशासारखी वाटली असती. इथे ती पगार, घड्याळ आणि दंड यांच्या मांडणीतून खेळणाऱ्याच्या हातून घडते.

सामाजिक हेतूने केलेले बरेच गेम इथेच कमी पडतात. विषय चांगला असतो, आधी माहिती वाचायला लावतात, मग प्रश्न विचारतात, बरोबर उत्तराला गुण देतात. खेळणाऱ्याला काय वाटायला हवं ते आधीच ठरलेलं असतं. वॉर्सामधल्या इलेव्हन बिट स्टुडिओजने 2014मध्ये केलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ मात्र पोपच्या वाटेवरचा आहे. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये आपण वेढलेल्या शहरातले सामान्य रहिवासी असतो आणि रात्री दुसऱ्यांच्या घरात अन्न, औषधं शोधत फिरतो. 2020मध्ये पोलंड सरकारने शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनात त्याचा समावेश करण्याचं जाहीर केलं.

नाक्यावर दिवस जातात तशी आमिषंही येतात. कालेन्स्क नावाचा शिपाई सांगतो, मला पकडलेल्या माणसांवर बोनस मिळतो, दोघांमागे 5 क्रेडिट तुला देईन. एरवी कागदात खोट निघाली की लाल शिक्का मारून माणसाला परत पाठवता येतं. आता त्याच खोटीवर अटकेचं बटणही दाबता येतं, आणि नियमाने दोन्ही बरोबरच. माणूस तोच, खोट तीच. आपल्या घरची थंडी त्याचं नशीब ठरवते.

जॉर्जी कोस्तावा हा एकच म्हातारा या सगळ्याला पुरून उरतो. आधी तो कागदांशिवायच येतो. मग ‘कोब्रास्तान’ नावाच्या देशाचा, रंगीत खडूंनी स्वतः काढलेला पासपोर्ट घेऊन येतो. नाही म्हटलं की रागावत नाही, पुन्हा येईन म्हणतो आणि खरंच येतो. खेळणारे त्याची वाट पाहतात. रांगेतल्या इतक्या जणांमध्ये आठवणीत राहतो तो तेवढा एकच.

खेळ एकतीस दिवसांचा आहे आणि त्याचे वीस वेगवेगळे शेवट आहेत. त्यातल्या एकात कुटुंब घेऊन ओब्रिस्तान या देशात पळून जाता येतं. पासपोर्ट बदलून देणाऱ्या माणसाचा माग जॉर्जीच देतो. मात्र त्यासाठी ओब्रिस्तानचे पासपोर्ट हाताशी हवेत, आणि ते आणायचे कुठून? खिडकीत येणाऱ्या ओब्रिस्तानी माणसांकडून, त्यांच्या कागदांत काहीही खोट नसली तरी. एकट्याने निसटायचं तर एक, घरातल्या सगळ्यांना न्यायचं तर जेवढी डोकी तेवढे. ज्याचा पासपोर्ट ठेवून घेतला तो खिडकीत उभा राहून तो परत मागतो. आपण त्याला सांगू शकू असं कारण नियमांच्या पुस्तकात नाही, आणि मागची रांग थांबलेली असते.