यंत्राची अक्षरओळख

मराठी ही संगणकास जड जाणारी भाषा आहे, अशी एक समजूत अलीकडे सुशिक्षितांतही रूढ होऊ पाहत आहे. विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचण्यापूर्वी शिक्षकवर्गाने तिची शहानिशा करावी, असे आम्हांस वाटते.

यंत्रास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ संख्या कळतात. म्हणून युनिकोड या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास, मात्रेस व हलन्तचिन्हास स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. ‘क्षितिज’ हा शब्द आपणांस तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या लेखी तो सात चिन्हांचा आहे. १९९२ साली सिद्ध झालेल्या यूटीएफ-८ पद्धतीने तो साठविताना दर चिन्हास तीन, म्हणजे एकंदर २१ बाइट लागतात. इंग्रजी वर्णास मात्र एकच बाइट पुरतो.

परंतु खरी विषमता याच्या पुढच्या पायरीवर उद्भवते. प्रश्नांस उत्तरे देणारी आजची यंत्रे मजकूर ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांनी वाचतात. जी चिन्हे मजकुरात वारंवार शेजारी येतात ती जोडून एक तुकडा करावयाचा, ही युक्ती फिलिप गेज यांनी १९९४ साली मजकुराच्या संक्षेपासाठी मांडली होती. तीच पुढे येथे उपयोगात आली. यंत्रापुढे इंग्रजी मजकूर अमाप, म्हणून इंग्रजी शब्द बहुधा अखंड राहतो. मराठी मजकूर थोडा, म्हणून मराठी शब्दाच्या चिंधड्या होतात. आकारणी बहुधा टोकनांवर होत असल्यामुळे तोच आशय मराठीत महाग पडतो, आणि यंत्राच्या एकावेळच्या आवाक्यात मजकूरही कमी मावतो.

मग हा दोष मराठीचा म्हणावा काय? २०२४ च्या मे महिन्यात ओपनएआय कंपनीने ‘जीपीटी-४ओ’साठी तुकडे पाडण्याची व्यवस्था नव्याने बांधली. तिने प्रसिद्ध केलेल्या नमुन्यात एकाच आशयाच्या मजकुराची मराठी टोकने ९६ वरून ३३ वर आली. इंग्रजी २७ वरून २४ वर. तेवढ्यात मराठीचे व्याकरण बदलले नव्हते, की लिपी सुधारली नव्हती. बदलला तो मोजणाऱ्यांचा निर्णय.

३३ आणि २४ यांतील अंतर त्या नमुन्यात उरलेच आहे. म्हणून संगणक व मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांनी मिळून एखादा तास घ्यावा, आणि एक मराठी शब्द विद्यार्थ्यांकडून आधी अक्षरांत, मग चिन्हांत मोडवून घ्यावा. यंत्र कसे चालते हे त्यांस त्यातून उमगेलच. पण ते कोणाच्या मजकुरावर घडविले गेले, असेही ते विचारू लागतील. त्या प्रश्नाचे मोल आम्ही अधिक मानतो.