मालवणच्या उन्हाचा डोस

५ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास, मालवणात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. शाळांना सुट्टी आणि तारकर्ली-देवबागला खोली मिळायची मारामार, असे नेमके हेच दिवस. आकाश निरभ्र असेल तर त्या तासाला इथला अतिनील निर्देशांक १२ च्या घरात असतो. जागतिक आरोग्य संघटनेने ११ आणि त्यापुढचं ऊन सगळ्यात वरच्या, अतितीव्र पायरीवर ठेवलं आहे. युरोपात पैसे मोजून अंग सावळं करून घेण्यासाठी टॅनिंग बेड असतात. त्यांच्या दिव्यांची त्वचा भाजण्याची ताकद किती असावी याला तिथल्या मानकांनी कमाल मर्यादा घातली आहे, आणि ती याच मापात मोजली तर १२ भरते. म्हणजे तिकडचा माणूस गॉगल आणि टायमर लावून जे विकत घेतो, ते स्कूबाच्या होडीची वाट बघणाऱ्या पर्यटकाला इथे फुकट मिळतं, आणि किती घेतलं हे मोजायला कोणी नसतं. सिंधुदुर्गात हे यंत्र आणून कोणी धंदा करील असं वाटत नाही. तरीही त्या यंत्राबद्दल जे कळलं आहे ते आपल्या कामाचं आहे, कारण तिकडे उजळ माणूस काळवंडण्यासाठी आणि इकडे काळवंडलेला उजळण्यासाठी पैसे टाकतो तेव्हा दोघांचंही लक्ष रंगावर असतं. उन्हाचा डोस किती झाला, हे त्या रंगावरून कळत नाही.

पहिल्यांदा बेडवर जाणाऱ्याचा अनुभव साधारण असा असतो. उघड्या अंगाने ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यावर आडवं व्हायचं, झाकण खाली ओढायचं, मग खालून-वरून निळसर ट्यूब पेटतात, पंखा घरघरतो आणि काही मिनिटांत टायमर सगळं बंद करतो. बाहेर आल्यावर अंगावर सावळी झाक दिसते आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. या ट्यूबमधून मुख्यतः लांब तरंगलांबीचे, ‘ए’ प्रकारचे अतिनील किरण निघतात; शक्तिशाली यंत्रांत ते भूमध्य समुद्रावरच्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकतात. त्वचेत आधीपासून असलेलं मेलॅनिन ते काळपट करतात. नवं मेलॅनिन त्या क्षणी तयार झालेलं नसतं, त्यामुळे संरक्षण वाढत नाही. दोन-तीन दिवसांनी चढणारा, टिकाऊ रंग मुख्यतः ‘बी’ किरणांमुळे येतो, आणि तो चढण्याची हाक पेशीतल्या डीएनएला झालेल्या इजेतून जाते. एवढं करून मिळणारं संरक्षण फार तर ३ किंवा ४ एसपीएफच्या मलमाइतकं. सुट्टीवर जाण्याआधी बेडवर थोडं रापून घेतलं की पुढे ऊन बाधत नाही, हा तिकडचा लाडका समज इथेच ढासळतो.

आपल्याकडचा उलटा उपाय म्हणजे डी-टॅन. मालवणहून परतलेली मंडळी पार्लर गाठतात. तिथल्या लेपात सौम्य ब्लीच किंवा फळांची आम्लं असतात. वरच्या मृत पेशी निघतात आणि चेहरा उजळ दिसतो. तो थर एरवीही महिना-दीड महिन्यात गळून गेलाच असता. खालच्या पेशींतली इजा लेपाला पोचत नाही, आणि ताज्या भाजलेल्या कातडीवर ब्लीच म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्याहून वाईट सवय, औषधाच्या दुकानातून स्टेरॉईडचं मलम आणून गोरेपणासाठी चोपडण्याची. त्याने कातडी पातळ होते आणि पुढचं ऊन जास्तच झोंबतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही गोऱ्या लोकांची दुखणी, आपल्या रंगाला काय होतंय! तो निम्मा खरा आहे. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टॅनिंग बेडला तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलं. पस्तिशीच्या आत बेड वापरायला सुरुवात करणाऱ्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असं तेव्हाच्या आढाव्यात निघालं होतं. २०१२ च्या आढाव्यात तो आकडा ५९ वर आला. ब्राझीलने २००९ मध्येच सौंदर्यासाठी या यंत्रांचा वापर बंद केला. पण हा पुरावा मुख्यतः उजळ कातडीच्या माणसांचा आहे. भारतात मेलॅनोमा दुर्मीळ, आणि झालाच तर बरेचदा तळव्यांवर होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. तेव्हा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्याच्या, दोराला हात घालणाऱ्याला या कर्करोगाची भीती घालणं खोटेपणाचं होईल. मात्र मेलॅनिन कातडीला जसं वाचवतं तसं डोळ्याला वाचवत नाही. मोतीबिंदू, डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, गालावरचा वांग यांना सावळ्या रंगाची सूट नाही. शिवाय लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने भातशेतीत उतरणाऱ्यांना दिली जाणारी डॉक्सीसायक्लिनची गोळी चालू असेल, तर एरवी सोसणारं ऊनही कातडी भाजू शकतं.

दुसरा आक्षेप ‘ड’ जीवनसत्त्वाचा. बेड विकणारेही त्याचीच जाहिरात करतात. पण ते जीवनसत्त्व ‘बी’ किरणांनी बनतं आणि बेडमध्ये भर ‘ए’ किरणांचा. मालवणात तर हात-पाय थोडा वेळ उन्हात उघडे ठेवले तरी काम भागतं. कमतरता होते ती दिवसभर घरात किंवा दुकानात बसणाऱ्यांना. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोडावर आणि सोरायसिसवर त्वचारोगतज्ज्ञ याच किरणांचे उपचार देतात, मग तेच वाईट कसे? पण तिथली पहिली खेप पाहिली तर फरक दिसतो. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचेच किरण वापरायचे, डोळे आणि गुप्तांगं झाकायची, त्वचेच्या प्रकारावरून सुरुवातीचा डोस ठरवायचा. तो इतका कमी ठेवतात की पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही. पुढे प्रत्येक खेपेची नोंद ठेवून डोस बेताबेताने वाढवतात. सोरालेनची गोळी देऊन ‘ए’ किरण देण्याची जुनी पद्धत वर्षानुवर्षं चालली तर त्वचेचा कर्करोग वाढतो, हेही अशा नोंदींमुळेच कळलं. सोरालेन आपल्या बावचीच्या बियांतही असतं. घरच्या घरी बावचीचं तेल कोडावर लावून अंदाजाने उन्हात बसणाऱ्याच्या अंगावर फोड उठतात ते यामुळे.

पर्यटकाचं ऊन दोन दिवसांचं. होडी हाकणारा, पॅरासेलिंगचा दोर धरणारा, स्नॉर्केलिंगला माणसं उतरवणारा यांचं ऊन ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत चालतं. वाळू अतिनील किरणांचा सुमारे १५ टक्के भाग परत फेकते आणि समुद्राचा फेस २५ टक्के; पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही वरच्यापैकी सुमारे ४० टक्के किरण पोचतात, त्यामुळे नुसती टोपी पुरत नाही. लांब बाह्यांचे कपडे, डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा गॉगल आणि तिकीट काढायच्या जागी छप्पर हा काही मोठा खर्च नाही. लाईफ जॅकेट जसं सक्तीने अंगावर चढवलं जातं, तसंच गॉगल आणि छपराचं कलम परवान्यात घालता येईल. सकाळी लवकर आणि साडेतीननंतर फेऱ्या लावल्या तर डोस आणखी उतरेल. मधल्या तासांचा धंदा बुडतो अशी तक्रार होईल, आणि मे महिन्यात ती अगदीच गैर नाही. पण छपराला आणि गॉगलला ती तक्रार लागू होत नाही, तेव्हा सुरुवात तिथून व्हायला काय हरकत आहे?