सोप्या पेपरातील गुण किती मोलाचे?

एखाद्याला परीक्षेत ९० गुण मिळाले, तर तो हुशार आहे असे लगेच म्हणता येईल का? पेपर सोपा असेल आणि वर्गाची सरासरीच ८८ असेल, तर त्या ९० गुणांचे मोल ते किती! अमेरिकेतील फुटबॉलच्या शौकिनांनाही नव्या खेळाडूंबद्दल असाच प्रश्न पडतो.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुधा हातांनी खेळतात. 'क्वार्टरबॅक' हा खेळाडू चेंडू आपल्या साथीदाराकडे फेकतो आणि समोरच्या संघाची बचावफळी त्याला अडवते. तेथील व्यावसायिक सामन्यांत १९७३ पासून 'पासर रेटिंग' नावाचा अंक काढतात. तो ० ते १५८.३ या दरम्यान असतो. यशस्वी फेकी, मिळालेले अंतर, 'टचडाउन' आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या फेकी यांचा हिशेब त्यात असतो. समोरचा बचाव कच्चा होता की पक्का, याचा मात्र नसतो!

आता एक खरी गोष्ट पाहा. २० ऑक्टोबर २०१३ रोजी फिलाडेल्फिया संघाचा २४ वर्षांचा निक फोल्स डॅलसविरुद्ध खेळला. त्याच्या २९ फेकींपैकी ११ यशस्वी झाल्या. अंतर मिळाले अवघे ८० यार्ड. रेटिंग आले ४६.२. पुढे ३ नोव्हेंबरला ओकलंडविरुद्ध २८ पैकी २२ फेकी यशस्वी, ४०६ यार्ड, ७ टचडाउन आणि रेटिंग पुरेपूर १५८.३! गंमत अशी, की त्या मोसमात ३२ संघांत सर्वांत जास्त यार्ड देणारा बचाव डॅलसचाच होता, आणि ओकलंडने १६ पैकी ४ च सामने जिंकले. मग खरा फोल्स कोणता?

येथे गणित मदतीला येते. त्याच बचावाविरुद्ध इतर क्वार्टरबॅकांनी सरासरी किती मिळवले, ते आपल्या खेळाडूच्या आकड्यातून वजा करायचे. सरासरी काढताना आपला खेळाडू वगळायचा, बरे का!

समजा, तीन कच्च्या बचावांविरुद्ध इतरांची सरासरी दर फेकीला ९, ८ आणि ७ यार्ड आहे. 'अ' ने तिन्ही सामन्यांत ८ यार्ड मिळवले. 'ब' ने ९.५, ८.५ आणि ७.५ मिळवले. सातत्य कोणाचे? वरवर पाहता 'अ' चे. पण वजाबाकी करा. 'अ' चे फरक येतात −१, ० आणि +१. 'ब' चे मात्र तिन्ही वेळा +०.५. म्हणजे खरे सातत्य 'ब' चे!

तरीही तीन सामने म्हणजे फार थोडे. नाणे तीनदा उडवून तीनदा छाप पडली, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. फोल्सचेच पाहा. २०१३ च्या मोसमात त्याचे रेटिंग ११९.२ होते, २०१४ मध्ये ते ८१.४ वर आले. 'संपला हा!' असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर तेही घाईचे ठरले असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'सुपर बोल' या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाने न्यू इंग्लंडला ४१-३३ असे हरवले, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला निक फोल्स!

आता करून पाहा. वर्षभरातील चाचण्यांचे तुमचे गुण मांडा आणि प्रत्येकातून वर्गाची सरासरी वजा करा. तुमचे सातत्य तुम्हाला वाटत होते तेवढेच निघते का?