धूळ ओढणाऱ्या यंत्राची घरगुती दुरुस्ती

घरांतील व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढीनासा झाला, म्हणजे मोटार बिघडली असें समजून पुष्कळ लोक नवें यंत्र घेण्याच्या विचारास लागतात. परंतु बहुधा दोष मोटारींत नसून हवेच्या वाटेंत असतो.

सन १९०१ मध्यें इंग्लंडांत ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनीं खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानें हवा ओढली, तेव्हां रुमालावर धूळ जमली. आजचें यंत्रही याच तत्त्वावर चालतें. मोटारीचा पंखा हवा ओढतो व पिशवी धूळ अडविते. पिशवी व गाळणी गच्च भरली कीं हवा कोंडते व मोटारीचा आवाज चढतो. पुष्कळ यंत्रांत हीच हवा मोटारीस गार ठेवीत असल्यामुळें, ती कोंडली असतां मोटार तापून जळण्याचें भय असतें.

यास्तव आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं, प्रथम बटण बंद करून प्लग काढावा. मग पिशवी रिकामी करावी व गाळणी झटकावी. नळी उभी धरून आंत नाणें सोडावें. तें खालीं न पडल्यास मध्यें बोळा अडकला आहे असें समजावें. ब्रशास गुंडाळलेले केस कात्रीनें कापावे. गाळणी धुतल्यास सुरगाण्याच्या पावसाळ्यांत ती लौकर वाळत नाहीं. पूर्ण कोरडी झाल्यावांचून बसवूं नये.

वायर सोललेली असेल अथवा जळका वास येत असेल, तर मात्र तें काम जाणत्या कारागिराचें होय. तेथें मुलांनीं हात घालूं नये, व पालकांनींही घालूं देऊं नये.