खेळनिर्मितीतून प्रोग्रॅमिंगचे शिक्षण

छोटे संगणकीय खेळ स्वतः तयार करत आज्ञावली लिहायला शिकणे, ही प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक शिक्षणातील एक प्रचलित पद्धत आहे. येथे खेळ खेळणे हे साध्य नसून खेळाचे नियम संगणकाला कळतील इतक्या नेमकेपणाने मांडणे हे साध्य असते. संख्या ओळखणे, दगड-कागद-कात्री, फुली-गोळा यांसारखे खेळ त्यासाठी निवडले जातात. त्यांचे नियम विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असल्याने त्याचे सारे लक्ष मांडणीकडे राहते.

इतिहास

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये बेसिक ही भाषा विकसित केली. विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांचा '१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात खेळांच्या संपूर्ण आज्ञावल्या छापलेल्या असून वाचकाने त्या स्वतः टंकित करावयाच्या असत.

१९६७ मध्ये वॉली फॉइरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. काहीतरी घडवताना ज्ञान पक्के होते, हा विचार पॅपर्ट यांनी 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) या ग्रंथात मांडला. हीच परंपरा पुढे नेणारी स्क्रॅच ही भाषा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तीत आज्ञा टंकित न करता रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले जातात.

भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोहोचले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व, म्हणजे सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत.

उदाहरण : संख्या ओळखा

संगणकाने १ ते १०० मधील एक संख्या मनात धरावी व खेळाडूने ती ओळखावी, असा हा खेळ आहे. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे :

१. संगणक यादृच्छिक रीतीने एक संख्या निवडतो व साठवतो.
२. खेळाडूकडून अंदाज घेतो.
३. अंदाज लहान असल्यास 'मोठी संख्या सांगा', मोठा असल्यास 'लहान संख्या सांगा' असे सुचवतो.
४. अंदाज बरोबर येईपर्यंत दुसरा व तिसरा टप्पा पुन्हा पुन्हा करतो.

एवढ्या लहान आज्ञावलीत प्रोग्रॅमिंगच्या मूलभूत संकल्पना येतात. संख्या साठवण्याची जागा म्हणजे चल, लहान-मोठे पाहणे म्हणजे अट आणि पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे आवर्तन.

प्रत्येक वेळी उरलेल्या संख्यांच्या मध्यावरचा अंदाज केला, तर उमेदवार संख्या जास्तीत जास्त ५०, २५, १२, ६, ३ आणि १ अशा घटत जातात. म्हणून सातव्या अंदाजापर्यंत उत्तर हमखास मिळते. संगणकशास्त्रात या रीतीला द्विभाजी शोध म्हणतात. विद्यार्थ्याला ती नाव कळण्यापूर्वीच खेळातून गवसू शकते.

चुकांचे महत्त्व

या पद्धतीचा खरा लाभ चुका शोधण्यात आहे. पायथन भाषेत कळफलकावरून आलेले उत्तर आधी मजकूर मानले जाते. त्याचे संख्येत रूपांतर करायचे राहिल्यास लहान-मोठेपणाची तुलना करताच आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. ही चूक सहज सापडते.

दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. संख्या निवडण्याची आज्ञा चुकून आवर्तनाच्या आत लिहिली गेली, तर प्रत्येक अंदाजानंतर संख्या बदलते. आज्ञावली थांबत नाही व त्रुटीही दाखवत नाही. फक्त सूचना परस्परविरोधी येऊ लागतात. खेळाचा नियम मोडल्याचे खेळाडूला जाणवते आणि तो कारणाच्या शोधास लागतो. संगणक आपल्या मनातील हेतू जाणत नाही, लिहिलेलेच करतो, हा धडा येथे मिळतो.

भाषेचा प्रश्न

बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांतील राखीव शब्द इंग्रजी असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्यामुळे तर्क आणि परकी भाषा असे दोन अडथळे एकाच वेळी ओलांडावे लागतात. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरीत नावे देता येतात. खेळाडूने '४२' असे देवनागरी अंक दिले, तरी त्यांचे संख्येत रूपांतर होते. आज्ञावलीत थेट लिहावयाचे अंक मात्र आंतरराष्ट्रीय लिपीतीलच लागतात. आज्ञावली लिहिण्यापूर्वी तिचे टप्पे मराठीत कागदावर मांडल्यास तर्काचा अडथळा वेगळा करता येतो.

मर्यादा

तयार आज्ञावली उतरवून घेतल्यास खेळ चालतो, पण समज वाढतेच असे नाही. त्यासाठी नियमात बदल करून पाहणे उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ, अंदाजांची संख्या सातपर्यंत मर्यादित करणे. चित्रे व आवाज यांच्या सजावटीत वेळ गेल्याने तर्क मागे पडण्याचा संभव असतो. बाजारातील भव्य खेळांसारखा खेळ आरंभीच करू पाहणारा विद्यार्थी निराश होऊन काम सोडू शकतो. शिवाय खेळांची आवड सर्वांनाच नसते. अशांसाठी सचित्र गोष्ट, संगीत किंवा घरखर्चाचा हिशेब हे विषय तितकेच योग्य ठरतात.